मुठीची भाकर

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी गोदामावशी खुंटीवरची मांजरपाटाची पिशवी काढायची आणि घरोघर निघायची. बिरवाडीतल्या ख्रिस्ती घरांना त्या दिवसाची आठवण करून द्यावी लागत नसे. पिशवी दारात दिसली की आतली बाई ओट्याखालचा डबा घेऊन यायची आणि त्यातले तांदूळ पिशवीत रिकामे करायची. रोज भात टाकताना, तांदूळ धुवायला घेण्याआधी, एक मूठ देवाच्या नावाने बाजूला काढायची अशी या मंडळीची रीत होती. आपल्या उपासनेच्या जमातीला ही माणसं मंडळीच म्हणतात.

गोळा झालेल्या तांदळातून मावशी थोडे दळून आणायची आणि रविवारी पहाटे त्या पिठाची एकच भाकर करायची. हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मांडलेल्या मेजावर, पांढऱ्या कपड्याखाली ती ठेवलेली असे. पनवेलहून आलेले पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पाद्री, कपडा बाजूला करत, भाकर दोन्ही हातांनी वर धरत आणि सगळ्यांदेखत मोडत. मग तिचे बारके तुकडे ताटलीतून सतरंजीवर बसलेल्या एकेकापर्यंत जात. उरलेले तांदूळ ज्या घरी आजारपण, बाळंतपण किंवा सुटलेली नोकरी असेल तिथे मावशीच पोचवून यायची. बोभाटा करायची नाही.

रीत पाडली ती तिच्या नवऱ्याने, शांतवनने. पूर्वी पाळकसाहेब पाव बरोबर घेऊन येत. एकदा भर पावसात महामार्गावर गाडी अडकली, आणि हॉलमध्ये पिशवी उघडली तर पावाला बुरशी. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. शांतवन म्हणाला, "घरात पीठ आहे की. पण एका घरचं नको, सगळ्यांकडून मूठमूठ आणा." तेव्हापासून पाव बंद झाला.

ती भाकर थापणं मात्र सोपं नव्हतं. दवाखान्यातल्या लिसी सिस्टरच्या घरचा केरळी तांदूळ लाल आणि जाडा, राजेशकडचा दुकानातला कोलम, झारखंडहून कंत्राटावर आलेल्या पोरांच्या खोलीवरचा रेशनचा, आणि मावशीचा स्वतःचा म्हणजे भावाने उमरठहून पाठवलेला. गिरणीतून एकत्र दळून आलं तरी पीठ आपापला स्वभाव सोडत नाही. एकाला पाणी जास्त लागतं, दुसरं लगेच सैल पडतं. उकड काढून, मळून, परातीत थापायला घेतली की कडेला चिरा जायच्या. मावशी पाण्याचा हात लावून लावून त्या सांधायची. तव्यावरून उतरली की भाकरीवर तांबूस ठिपके दिसायचे. मीठ घालायचं नाही असा नियम होता. तो कोणी केला ते कोणालाच आठवत नव्हतं.

गोदावरी मूळची उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरची. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करायला बायका हव्यात असं कळलं म्हणून ती बिरवाडीला आली आणि तिथे बॉयलरवर काम करणाऱ्या शांतवनशी तिची गाठ पडली. शांतवन नगरकडचा, पिढ्यांचा ख्रिस्ती. लग्नाआधी त्याच्या गावच्या चर्चमध्ये डोक्यावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झाला. नवीन नाव काय ठेवायचं, असं तिथल्या पाळकांनी विचारलं, तर शांतवनच म्हणाला, "नदीचं नाव आहे साहेब, त्यात काय बदलायचं?" पाणी थंडगार होतं. एक थेंब ओघळून कानात गेला आणि तिला हसू आलं. शांतवनने डोळे वटारले, पण तोही हसत होता. बाप्तिस्मा म्हटलं की मावशीला एवढंच आठवायचं.

वाडीवरून बापाचा निरोप आला की पुन्हा येऊ नकोस. बाप गेल्यावर भावाने, चांगूने, दार उघडं केलं. दर वर्षी सुगीनंतर तो तांदळाची गोण पाठवायचा. पण गौरीच्या सणाला माहेरवाशिणी मोजायच्या त्यात तिला धरलं गेलं नाही, ते नाहीच. तिला मूल झालं नाही. पुढे शांतवनही गेला. तेव्हा आपलं म्हणायला तिच्याकडे काय उरलं, तर ही मंडळी. हॉल झाडायचा, सतरंज्या घालायच्या, चपला ओळीने लावायच्या, आणि महिन्यातून एकदा भाकर. शांतवन म्हणायचा, हात हाताचं काम करतो, पाय पायाचं, पण ताप आला की अख्ख्या अंगाला येतो. मावशीला प्रवचनातलं सगळं कळायचं असं नाही. हे मात्र कळलेलं होतं.

आणि तिने ते पाहिलंही होतं. एकवीस सालच्या पुरात महाडातली चार ख्रिस्ती कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी बिरवाडीला आली, तेव्हा मुठीच्या तांदळावर हॉलमध्येच चूल पेटली. त्यातच हर्षद सर होते. महाडच्या शाळेत गणित शिकवणारे, मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी, इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी न दिसलेले. ते बनियनवर सतरंजीवर बसून आमटीभात जेवले. पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरातला गुडघाभर चिखल उपसायला सगळ्यांत आधी फावडं घेऊन गेला तो राजेश.

हा राजेश म्हणजे मावशीच्या शेजारच्या खोलीतला. आईबाप दोघंही पाळीवर जायचे, त्यामुळे तो मावशीच्याच ताटात वाढला. आता कारखान्यात सुपरवायझर होता, लग्न झालं होतं, स्वतःचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर तो पनवेलच्या एका मोठ्या प्रार्थनासभेला गेला आणि तिथे त्याने पाण्यात पूर्ण बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आला तो वेगळाच होऊन. दारू तर तो आधीही पीत नव्हता, पण आता चेहऱ्यावर एक तेज होतं आणि बोलण्यात घाई. शुक्रवारी त्याच्या घरी प्रार्थना सुरू झाली. कंत्राटी पोरं, एकटीदुकटी माणसं तिथे जाऊ लागली. तिथे गिटार होती, टाळ्या होत्या, आणि जो येईल त्याच्यासाठी राजेश खरोखर डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करायचा.

पंच कमिटीच्या बैठकीत एकदा विषय निघाला. मावशी चहा देत होती.

"आमच्या आजोबांना पाद्रीसाहेबांनी तीन बोटांनी पाणी लावलं," हर्षद सर म्हणाले. "त्यापायी त्यांनी गाव सोडलं, भाऊबंद सोडले. आणि तू पोरांना सांगतोस की तो बाप्तिस्माच नव्हे?"

"सर, मी आजोबांविषयी काहीच बोललो नाही."

"मग कोणाविषयी बोललास? डोकं तर त्यांचंच ओलं झालं होतं."

कोणीतरी हसलं. राजेशचे कान लाल झाले.

"शास्त्रात माणसं पाण्यात उतरली असं आहे. शिंपडलं असं कुठं आहे ते दाखवा, मी गप्प बसतो."

"तू लग्नात सूट घातला होतास. तो शास्त्रात कुठं आहे ते तू दाखव, मग मी गप्प बसतो."

"चहा घ्या, निवतोय," मावशी म्हणाली. दोघांनीही कप उचलले नाहीत.

पुढच्या रविवारी राजेश हॉलमध्ये आला नाही. त्याच्या पाठोपाठ एकेक घर येईनासं झालं. मावशी सवयीने सगळ्या सतरंज्या घालायची आणि उपासना संपली की त्यातल्या निम्म्या, कोणीच न बसलेल्या, घडी करून ठेवायची. तरी शनिवारची पिशवी अजून सगळ्या दारांत जात होती. हॉलमध्ये न येणाऱ्या घरांतूनही मूठ मिळत होती. मावशीला वाटायचं, तांदूळ येतायत तोवर माणसं कुठं जात नाहीत.

एप्रिल लागला. एका संध्याकाळी राजेश तिच्या खोलीवर आला. नेहमीसारखा आधी डब्यातला लाडू तोंडात टाकून मग बसला.

"मावशी, येत्या रविवारी सकाळी सवला चल. सातजणांचा बाप्तिस्मा आहे. तुझाही होऊन जाऊ दे."

"सवला? त्या गरम पाण्याच्या कुंडात? अरे, भाजेन की मी."

"कुंडात नाही गं, नदीत. तुला उचलून नेतो. लहानपणी तू मला नेत होतीस, आता मी नेतो."

"माझा झालाय रे बाबा एकदा."

"तो..." राजेश थांबला. लाडवाचा चुरा त्याने हातावर गोळा केला. "मावशी, मी तुला कसं सांगू? रविवारी परत आल्यावर आमच्याकडे प्रभुभोजन आहे. ज्यांनी पाण्यात बाप्तिस्मा घेतलाय त्यांनाच त्यात भाग आहे. तू बाहेर बसलीस तर मला भाकर गिळवायची नाही."

तो मनापासून बोलत होता, तीच तर पंचाईत होती. तो उद्धटपणे बोलला असता तर मावशीने कान धरला असता. पाण्यात उतरायला तिची हरकत नव्हती. पण आता उतरायचं म्हणजे त्या दिवशी कानात गेलेला थेंब कशाचा होता, शेजारी उभा राहून हसणारा शांतवन कोणाला हसत होता, ते सगळं विसरून तो बाप्तिस्मा नव्हताच, नुसतं नळाचं पाणी होतं असं म्हणायचं. आणि नाही उतरलं तर तिने हातावर वाढवलेलं पोर तिला दाराबाहेर बसवून जेवणार. ती म्हणाली, "बघू."

शुक्रवारी राजेशची बायको दीप्ती तांदळाचा वेगळा डबा घेऊन आली.

"मावशी, हे आमच्याकडच्या सगळ्या घरांचे. ह्यांनी सांगितलंय, आमची भाकर वेगळी करा. शनिवारी संध्याकाळी मी घेऊन जाईन."

"वेगळी?"

"मला नका विचारू मावशी. मी फक्त डबा आणलाय." दीप्तीने खाली बघून पदराने डब्याचं झाकण पुसलं. ते स्वच्छच होतं.

ती जाते न जाते तोच हर्षद सरांचा फोन आला. पाळकसाहेब रविवारी नऊला पोचतील, हॉल लवकर उघडा, वगैरे. शेवटी म्हणाले, "आणि मावशी, त्या लोकांच्या घरचे तांदूळ ह्या वेळी आपल्यात नकोत. उगीच उद्या बोलायला जागा नको."

"सर, तांदूळच आहेत."

"मला कळतंय हो. पण कमिटीत ठरलंय."

शनिवारी मावशीने गिरणीत दोन डबे नेले, एक हॉलकडच्या घरांच्या मुठींचा, एक दीप्तीने आणलेला. रांगेत उभी असताना ती एकदा या डब्याकडे, एकदा त्या डब्याकडे बघत राहिली. नंबर आला. गिरणीवाल्याने विचारलं, "वेगवेगळं दळायचं का एकत्र?"

"एकत्र," मावशी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

घरी येताना तिचा विचार पक्का झाला. भांडण माणसांचं आहे, पिठाचं नाही. एकच मोठी भाकर करायची, तिचे दोन भाग करायचे, एक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडे एकाच वेळी एकाच भाकरीतलं खाल्लं जाईल. त्यांना कळो न कळो, ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि एकदा पोटात एकच भाकर गेली की किती दिवस तोंडं फिरवून बसतील?

रविवारी पहाटे करायची ती भाकर तिने शनिवारी दुपारीच केली. शांतवन असताना वापरायची तो मोठा लोखंडी तवा माळ्यावरून काढला. भाकर एवढी मोठी झाली की परातीतून उचलायला दोन्ही हात पुरेनात. पण उतरली अखंड. एकही चीर नाही. इतकी सुरेख भाकर तिच्या हातून कधी झाली नव्हती. ती निवू दिली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि मधोमध मोडली. दोन्ही अर्ध्या धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत गुंडाळल्या. संध्याकाळी दीप्ती आली आणि आपलं गाठोडं घेऊन गेली. उघडून बघायचं तिला कारण नव्हतं.

इतकी वर्षं ती भाकर करत आली, इतकी वर्षं दाराशी बसून तिने ती मोडली जाताना पाहिली, आणि तरीही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

रविवारी हॉलमध्ये गाणी झाली, प्रवचन झालं. पाळकसाहेब देवव्रत वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी मेजाजवळ येऊन प्रार्थना केली, कपडा बाजूला केला, दोन्ही हात पुढे नेले आणि ते तसेच राहिले. ताटात अर्धी भाकर होती. मोडलेली कड सगळ्यांच्या बाजूला.

पाळकसाहेबांनी हर्षद सरांकडे पाहिलं, सरांनी दाराशी बसलेल्या मावशीकडे.

"मावशी, बाकीची कुठाय?"

मावशी उठून उभी राहिली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. "राजेशकडं दिली."

"म्हणजे त्यांना आधी, आणि उरली ती आम्हाला?"

"नाही सर. एकच केली होती. एकच सगळ्यांना."

पुढच्या ओळीतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? हिचा पाय तिकडेच आहे."

पाळकसाहेब मेजामागून चालत दारापर्यंत आले. "बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं मन मला समजलं. पण लोकांसमोर मोडायची ती भाकर आधीच मोडलेली असेल तर मी काय मोडू?"

हे त्यांचं बरोबर होतं. मावशीला ते आधी दिसायला हवं होतं. एक करायच्या नादात तिने मेजावर जाण्याआधीच भाकर तोडून ठेवली होती.

"साहेब, तुम्ही दोघांना समजावा ना," ती म्हणाली.

"समजावलं. दोनदा समजावलं." पाळकसाहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "दोघंही ऐकून घेतात, पाया पडतात, आणि होते तिथेच राहतात. मी महिन्यातून एकदा येणारा माणूस."

कोणीतरी खाली बेकरीत जाऊन पाव आणला. तो मोडला गेला. ताटली फिरत मावशीपर्यंत आली तेव्हा तिने तुकडा घेतला. पाव टाळूला चिकटला आणि बराच वेळ सुटेना. उपासना संपल्यावर हर्षद सरांनी अर्धी भाकर कपड्यात नीट गुंडाळून तिच्या हातात दिली. रागावले नाहीत. "घरी घेऊन जा," एवढंच म्हणाले.

दुपारी राजेश आला. केस अजून ओलसर होते, म्हणजे सवची नदी झाली होती. या वेळी तो बसला नाही. दुसरी अर्धी भाकर त्याने ओट्यावर ठेवली.

"मावशी, हॉलमधली उरलेली आम्हाला दिलीस?"

"उरलेली कशी असेल रे? दीप्तीने शनिवारी नेली, हॉल रविवारी."

"मला ते आता कळतंय. पण तिथं नवीन सात माणसं बसली होती. त्यांच्यापुढे मी कपडा काढला आणि अर्धीच. एक पोरगा म्हणाला, हे लोक आपल्याला उष्टं देतात काय? मी काय उत्तर देऊ?"

"सांगायचं, मावशीने एकाचे दोन केले."

"तेच तर ना मावशी." राजेश दाराच्या चौकटीला टेकला. एकदम तो लहानपणीसारखा दिसला, दमलेला, भूक लागलेला. "तुझं मन चांगलं आहे गं. पण हे असं नाही होत."

"मग कसं होतं, ते तू सांग. मी तसं करते."

राजेश चपला घालून निघून गेला. डब्यात लाडू होते, त्याने विचारले नाहीत.

दोन अर्ध्या भाकरी टाकायच्या कुठे? प्रार्थना केलेलं अन्न ते. सोमवारी मावशीने त्या फडक्यात बांधल्या, पोलादपूरची एसटी धरली, तिथून उमरठच्या गाडीने पुढे आणि मग वाडीची चढण. चांगू अंगणात भाजावळीसाठी, म्हणजे पावसाआधी शेत भाजायला, तोडलेला फांद्या-पाल्याचा कवळ रचत होता. बहिणीला अवचित आलेली बघून त्याने कोयता ठेवला.

"काय गो, बरी हायस ना?"

"बरी हाय."

त्याने भाकर मोडून तोंडात टाकली, चावली. "मीठ नाय गो यात."

"घालत नायत."

"आनी दोन अर्ध्या कशापायी? येक सबंद आनायचीस."

मावशीने त्याला सगळं सांगितलं. चांगू ऐकत राहिला. भाकर मात्र खात होता.

"आमी भाऊभाऊ येगळे झालो ना," तो म्हणाला, "तवा चुली येगळ्या झाल्या, जमीन येगळी झाली. पन देव थोरल्याच्या घरात ऱ्हायला. सणाला सगळे तिथंच जमतात, मग बोलचाल असो नायतर नसो. तुमचा देव कोनाच्या घरात ठेवलाय?"

"आमचा ठेवता येत नाय रे."

"मंग अवघड हाय," चांगू म्हणाला, आणि खरंच काळजीत पडला. जरा वेळाने म्हणाला, "तू हितं येऊन ऱ्हा की. खोली हाय मागं."

"आनी गौरीला?"

चांगूने कवळाच्या मोळीकडे पाहिलं. "त्ये आता... भावकीला इचारायला लागंल." मग लगेच, "तांदूळ नेशील ना जाताना?"

दोघांनी मिळून ती भाकर संपवली, एक अर्धी त्याने, एक अर्धी तिने, लसणाच्या चटणीशी. मावशी शेवटच्या गाडीने परत आली.

त्या महिन्यात दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि तेही एकमेकांशी न बोलता. यापुढे भाकर नको, बेकरीतला पाव आणायचा. हर्षद सर स्वतः सांगायला आले. "तुमचं वय झालं मावशी, किती दिवस पिशवी घेऊन फिरणार?" राजेशने फोन केला, "मावशी, आता तू आराम कर." दोघांचाही सूर मायेचा होता. वाद घालायला त्यात काही सापडेना.

मावशी अजून हॉल झाडते. एका रविवारी ती हॉलमध्ये असते, दुसऱ्या रविवारी राजेशच्या घरी. हॉलमध्ये तिच्या शेजारी बसलेली बाई जरा सरकून बसते. राजेशकडे प्रभुभोजनाची वेळ आली की ती आपणच उठून बाहेर जिन्यावर जाते आणि चपला ओळीने लावते. तिला दोन्हीकडे कोणी ये म्हणत नाही आणि कोणी जा म्हणत नाही. पाण्यात उतरायचं का, हे अजून "बघू"वरच आहे. राजेश विचारत नाही, आणि त्याने विचारू नये म्हणून मावशी प्रार्थना करते.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी तिचा हात खुंटीवरच्या पिशवीकडे गेला. तिने तो मागे घेतला. ओट्याखाली तिचा स्वतःचा डबा होता. महिनाभराच्या मुठी त्यात साठल्या होत्या, कारण तांदूळ घेताना मूठ बाजूला जायची ती जातच होती. तो कुठे रिकामा करायचा, हे ठरत नव्हतं. तिने डबा उघडला तर वर दोन पोरकिडे चालत होते.

ती गच्चीवर गेली, फडकं पसरलं आणि तांदूळ उन्हात घातले. निवडत बसली असताना जिन्यावर पावलं वाजली. दीप्ती होती. हातात डबा.

"आज शनिवार," दीप्ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत."

"आता कशाला येऊ?"

"माहीत आहे मला. ह्यांनी सांगितलंय, डबा बंद कर." दीप्ती फडक्याच्या कडेला बसली. "पण तांदूळ घ्यायला गेले की मूठ बाजूला जातेच मावशी. परत भातात टाकायचा धीर होत नाही. आणि ठेवायचे कुठं?"

मावशीने हाताने फडक्यावरचे तांदूळ जरा सरकवून जागा केली. दीप्तीने आपला डबा तिथे ओतला. त्यातही किडे होते. दोघी निवडू लागल्या.

"ह्याचं करायचं काय?" दीप्तीने विचारलं.

"मला ठाऊक नाही."

"टिकतील?"

"ऊन दाखवत राहिलं तर टिकतात."

"आणि पावसाळ्यात?"

समोरच्या डोंगरावर भाजावळीचा धूर दिसत होता. जूनपासून चार महिने या गच्चीवर ऊन येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. मावशीने निवडलेले तांदूळ ओंजळीने डब्यात भरले, तळहाताने वरून सारखे केले आणि झाकण लावलं.